संपादक बदलता येतो

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



भाषणाचं नाव ऐकून आपल्याला वाटेल, हे गृहस्थ कुठल्या तरी वर्तमानपत्राच्या कारभारात नाक खुपसायला निघाले आहेत. तसं काही नाही. आजचा आपला संपादक संगणकातला आहे. इंग्रजीत त्याला एडिटर म्हणतात. म्हणजे मजकूर लिहायचा, खोडायचा, दुरुस्त करायचा प्रोग्रॅम. हा संपादक आपण बोलावला नसताना समोर येऊन बसला, तर काय करायचं, एवढाच आजचा विषय. विषय तांत्रिक वाटेल. पण आमच्या गावातल्या काही शेकडा माणसांच्या पैशाशी त्याची एकदा गाठ पडली होती, आणि चूक माझी होती. म्हणून तो मी आज मांडणार आहे.

आधी थोडी ओळख करून देतो. आपल्या शाळेतला शिपाई आठवा. भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं असायचं. शिपाईमामा घड्याळ बघायचे, वेळापत्रक बघायचे आणि टोल द्यायचे. कुठला तास गणिताचा, कुठला भूगोलाचा, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. वेळ झाली की टोल. संगणकातही असाच एक शिपाई असतो. युनिक्स आणि तिच्या गोतावळ्यातल्या लिनक्स, मॅक वगैरे प्रणालींमध्ये त्याचं नाव आहे क्रॉन. ग्रीक भाषेत काळाला क्रोनोस म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतून १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली, तिच्यात हा शिपाई होता. १९८७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी तो नव्यानं लिहिला, आणि त्या अवताराचे वंशज आजही असंख्य यंत्रांवर इमानेइतबारे राबत आहेत. दर मिनिटाला तो जागा होतो, वेळापत्रक बघतो, काम असेल तर करतो, नसेल तर पुन्हा डोळे मिटतो.

या वेळापत्रकाला म्हणतात क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉनचं टेबल. एका कामाला एक ओळ. ओळीत आधी पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. त्यानंतर करायचं काम. ज्या रकान्यात तारका काढलेली असेल, तिथं 'कुठलाही चालेल' असं समजायचं. म्हणजे ३०, मग २०, आणि पुढं तीन तारका असं लिहिलं, की याचा अर्थ रोज रात्री साडेआठ वाजता. इतकं सोपं आहे.

आता माझी गोष्ट. २००६ साली मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत लेखापाल होतो. सभासद बहुतेक शेतकरी, छोटे दुकानदार, भाजीवाल्या. पिग्मी एजंट दारोदार फिरून रोजचे पाच-दहा रुपये गोळा करायचे. किर्द-खतावणी वर्षभरापूर्वीच संगणकावर गेली होती. एका हुशार मुलानं सर्व्हरवर लिनक्स बसवून दिलं होतं आणि रोज रात्री साडेआठला सगळ्या हिशेबाची प्रत दुसऱ्या यंत्रावर जाईल अशी सोय क्रॉनटॅबमध्ये करून ठेवली होती. पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला. त्याच्यामागे गावात संगणक समजणारा माणूस म्हणून मीच उरलो. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, तसं.

त्या वर्षी भारनियमनाचं वेळापत्रक बदललं. आमच्या भागात संध्याकाळी साडेसातला वीज जायची, ती दहाला यायची. यूपीएस जेमतेम वीस मिनिटं तग धरायचा. म्हणजे साडेआठला सर्व्हर बंद आणि प्रत निघणार नाही. उपाय साधा होता. प्रत साडेसहाला काढायची. २० च्या जागी १८ लिहायचं. एका आकड्याचं काम! मी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "काका, सोपं आहे. क्रॉनटॅब लिहा, जागा सोडा, उणे चिन्ह आणि ई. फाइल उघडेल, आकडा बदला, साठवा, बाहेर या."

फाइल उघडली. वर पाच-सहा ओळी, खाली सगळीकडे डाव्या कडेला नागमोडी चिन्हांची रांग. मी आकडा टाइप केला, १८. पडद्यावर काही उमटेना. वाटलं, आधी जुना आकडा पुसायला हवा. डिलीटचा डी म्हणून डी दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. आणि श्रोतेहो, एका क्षणात सगळ्या ओळी नाहीशा झाल्या! मला दरदरून घाम फुटला. बाहेर कसं पडायचं तेही कळेना. शेवटी मी ती खिडकीच बंद करून टाकली.

झालं काय होतं ते मला पुष्कळ उशिरा समजलं. समोर आलेल्या संपादकाचं नाव होतं व्हीआय. तो उघडतो तेव्हा लिहिण्याच्या तयारीत नसतो, हुकूम ऐकण्याच्या तयारीत असतो. त्या अवस्थेत प्रत्येक अक्षर हा एक हुकूम. आधी आय दाबायचा, मग लिहायचं. लिहून झालं की एस्केप दाबून परत हुकमाच्या अवस्थेत यायचं. दोनदा डी म्हणजे 'ओळ पूस', आणि त्याआधी १८ म्हणजे 'अठरा वेळा'. मी त्याला अठरा ओळी पुसायला सांगितल्या होत्या. त्यानं होत्या तेवढ्या पुसल्या.

पण खरी गंमत पुढं आहे. क्रॉनटॅब आपलं मूळ वेळापत्रक कुणाच्याही हाती देत नाही. तो त्याची एक तात्पुरती नक्कल काढतो, ती संपादकाच्या पुढ्यात ठेवतो आणि संपादकाचं काम संपायची वाट बघतो. संपल्यावर तपासतो: बदल झाला आहे का? लिहिणं नियमात बसतं का? बसलं तरच नवं वेळापत्रक लागू. मी तर काहीच न साठवता खिडकी बंद केली होती. तेव्हा पुसली गेली ती नक्कल. मूळ वेळापत्रक जसंच्या तसं शाबूत होतं. त्या संध्याकाळी माझ्या हातून झालेली तेवढीच एक बरोबर गोष्ट, आणि ती मला माहीत नव्हती.

मग हा व्हीआय आला कुठून? मी तर त्याला बोलावलं नव्हतं. क्रॉनटॅबकडे स्वतःची लेखणी नाही, तो दुसऱ्याची उसनी घेतो. कुणाची, हे ठरवायची त्याची एक रीत आहे. आधी तो बघतो, व्हिज्युअल नावाच्या चिठ्ठीवर कुणाचं नाव लिहिलं आहे का. नसेल तर एडिटर नावाची चिठ्ठी बघतो. दोन्ही कोऱ्या असतील, तरच यंत्रात पूर्वापार ठरलेला संपादक उघडतो. जुन्या परंपरेत तो व्हीआय. सोलॅरिस नावाच्या युनिक्समध्ये त्याहून जुना ईडी. तो तर उघडल्यावर नुसता एक आकडा दाखवून गप्प बसतो, आणि चुकलात तर उत्तरादाखल एकच प्रश्नचिन्ह. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये पहिल्या वेळी यादी दाखवून विचारतात, कुठला हवा? त्या यादीत नॅनोपुढे 'सर्वांत सोपा' असा शेराही असतो. पण तिथंही घाईत भलता आकडा दाबला, की ती निवड घरच्या फोल्डरातल्या एका लपलेल्या फाइलीत नोंदली जाते आणि पुढं दर वेळी तोच पाहुणा हजर.

हे संपादक वेडेवाकडे का आहेत, असं वाटेल. ते तसे नाहीत, ते जुने आहेत. ईडी केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये लिहिला. तेव्हा अनेक ठिकाणी पडदाच नव्हता, टंकयंत्रासारखं यंत्र कागदावर उत्तर छापायचं. बडबड म्हणजे वेळ आणि कागद दोन्ही वाया. म्हणून तो अबोल. व्हीआय बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीच्या विद्यापीठात लिहिला. त्यांच्या समोरच्या एडीएम-३ए यंत्राच्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. बाण एच, जे, के, एल या अक्षरांच्या कळांवरच छापलेले होते. फोनच्या तारेवरून मजकूर इतका सावकाश यायचा, की एकेका अक्षरात मोठं काम उरकणं ही गरज होती. त्या अडचणीतून निघालेला तो शहाणा मार्ग होता. अडचण गेली, मार्ग राहिला. आणि या गोंधळात मी एकटाच सापडलो असंही नाही. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोनं २०१७ मध्ये सांगितलं, की व्हीआयचा धाकटा अवतार व्हिम, त्यातून बाहेर कसं पडायचं हा एकच प्रश्न तोवर दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. हे वाचून माझ्या मनाला केवढा दिलासा मिळाला म्हणून सांगू!

पण २००६ मध्ये हा दिलासा नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा बसलो. वीज जायला दहा मिनिटं होती. शिपाईमामा कुलूप हातात घेऊन दारात उभे. कालच्या त्या पडद्याची धास्ती मनात होतीच. घाईघाईनं क्रॉनटॅब लिहिलं, उणे चिन्ह दाबलं आणि ईऐवजी बोट पडलं आरवर. कीबोर्डवर ई आणि आर अगदी शेजारी-शेजारी आहेत. ई म्हणजे एडिट, बदला. आर म्हणजे रिमूव्ह, काढून टाका. सगळं वेळापत्रक. 'खरंच काढू का?' असं त्यानं विचारलंही नाही. युनिक्सची जुनी रीतच अशी, की काम झालं की गप्प राहायचं. मी पडद्याकडे बघत राहिलो. कालचा तो नागमोडी चिन्हांचा पडदा आज उघडला नाही. आणि श्रोतेहो, मला हायसं वाटलं! कालचं आपलं लिहिणं लागू झालं असावं, आता उघडण्यासारखं काही उरलं नसावं, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि उठलो. ज्या क्षणी घाबरायला हवं होतं, नेमका त्या क्षणी मी निश्चिंत झालो.

२३ दिवसांनी सर्व्हरची हार्ड डिस्क बंद पडली. नवी आणली. दुसऱ्या यंत्रावरची प्रत उघडली, तर ती २३ दिवसांपूर्वीची.

पुढचे नऊ दिवस आम्ही कंदील आणि मेणबत्त्या लावून रात्रीपर्यंत बसलो. व्हाउचरं, पावत्यांची स्थळप्रत, पिग्मी एजंटांच्या वह्या, सगळं एकेक करून पुन्हा भरलं. रोख मोजून रोजची शिल्लक जुळवली. त्या दिवसांत बाजारात बसणारी एक भाजीवाली पासबुक घेऊन आली. रोज दहा रुपये टाकायची ती. काउंटरपाशी उभी राहून म्हणाली, "दादा, माझं पैसं हाईत न्हवं?" तिचे मधल्या दिवसांचे होते दोन-सव्वादोनशे रुपये. मी म्हणालो, "आहेत मावशी. एजंटाच्या वहीत आहेत." तिनं मान डोलावली, पण पासबुक पिशवीत ठेवताना दोनदा उघडून पाहिलं. कुणाचा एक रुपया बुडाला नाही, तो कागदामुळे. व्यवस्थापक मला रागावले नाहीत. ते जास्त लागलं.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून शिकलो. जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, समोर कोण बसलं आहे ते ओळखा. खाली नागमोडी चिन्हांची रांग असेल तर व्हीआय. एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. काहीही न साठवता बाहेर. साठवून जायचं असेल तर कोलन, डब्ल्यू, क्यू. तळाशी कळांची यादी दिसत असेल तर नॅनो, कंट्रोलसोबत एक्स. नुसता आकडा आणि शांतता असेल तर ईडी. क्यू आणि एंटर. बाहेर पडायची वाट माहीत असली, की निम्मी भीती तिथंच संपते.

दुसरी गोष्ट, संपादक बदलता येतो. एक्स्पोर्ट लिहून जागा सोडायची, मग मोठ्या अक्षरांत एडिटर, बरोबरचं चिन्ह आणि नॅनो, मध्ये कुठंही जागा न सोडता. झाली चिठ्ठी लिहून. त्यानंतर उणे ई केलं, की नॅनो उघडेल. उबुंटू किंवा डेबियनवर सिलेक्ट-एडिटर ही आज्ञा दिली, तर ती पुन्हा यादी दाखवते आणि मागची चूक सुधारता येते.

तिसरी गोष्ट, बदलूनही तो बदलला नाही, तर चिडू नका. चिठ्ठी कुठं अडकली ते शोधा. खिडकी बंद केली की ती चिठ्ठी पुसली जाते. कायमची हवी असेल तर लॉगिन करताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत ती ओळ लिहावी लागते. व्हिज्युअलच्या चिठ्ठीवर आधीच दुसरं नाव असेल, तर एडिटरच्या चिठ्ठीला कुणी विचारत नाही. मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकारानं, म्हणजे सुडो लावून आज्ञा दिली, तर सुडो बहुधा तुमच्या चिठ्ठ्या दाराबाहेरच ठेवायला लावतो. शिवाय तेव्हा उघडतं ते वेळापत्रकही तुमचं नसतं, त्या मुख्य खात्याचं असतं. कित्येकांनी आपलं काम भलत्याच वेळापत्रकात लिहून ठेवलेलं मी पाहिलं आहे.

आणखी एक खोच आहे. चित्रमय खिडकीतला आधुनिक संपादक नेमला, तर त्यातले काही नवी खिडकी उघडून स्वतः लगेच मोकळे होतात. क्रॉनटॅबला वाटतं, काम झालं. तो म्हणतो, काही बदल नाही. आपण मात्र त्या खिडकीत मन लावून लिहीतच असतो. अशा संपादकाला 'लिहिणं संपेपर्यंत थांब' असं वेगळं सांगावं लागतं. व्हीएस कोडमध्ये त्यासाठी वेट नावाचा पर्याय आहे. मॅकवर कधीकधी तक्रार येते, की तात्पुरती फाइल जागच्या जागीच बदलली पाहिजे. कारण काही संपादक साठवताना जुनी फाइल बाजूला सारून त्याच नावाची नवी ठेवतात आणि क्रॉनटॅबला ते चालत नाही. आणि शेवटची ओळ लिहून एंटर दाबायला विसरू नका. अनेक यंत्रांवर तेवढ्यासाठी सगळं वेळापत्रक परत केलं जातं.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिला अक्कल लागत नाही, सवय लागते. बदल करण्याआधी आणि केल्यानंतर क्रॉनटॅब उणे एल करा. एल म्हणजे यादी. आधीची यादी एखाद्या फाइलीत उतरवून ठेवा, म्हणजे बोट आरवर पडलं तरी ती परत बसवता येईल. नंतरची यादी डोळ्यांनी वाचा. मी त्या संध्याकाळी उणे एल केलं असतं, तर यंत्रानं स्पष्ट सांगितलं असतं, की या नावाचं वेळापत्रकच नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. वीज जायला दहा मिनिटं होती.

श्रोतेहो, या प्रकरणातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली. यंत्रात जे 'ठरलेलं' म्हणून आपल्यापुढे येतं, ते आकाशातून पडलेलं नसतं. ते कुणीतरी, कुठल्या तरी अडचणीत, कधीतरी ठरवलेलं असतं. ते कुठं लिहिलं आहे, हे विचारलं की सापडतं, आणि बहुतेक वेळा बदलताही येतं. मी तो प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, यंत्र असंच असतं आणि आपण अडाणी आहोत. प्रश्न विचारायची लाज वाटली, म्हणून धास्ती वाढली. धास्ती वाढली, म्हणून घाई झाली. आणि ज्याची धास्ती होती ते समोर आलं नाही, एवढ्यावरच मी काम झालं असं मानलं.

पुढं त्या संस्थेत असेपर्यंत मी एक नेम ठेवला. रोज सकाळी आल्यावर दुसऱ्या यंत्रावरच्या प्रतीची तारीख बघायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं खूण करायची. शिपाईमामा विचारायचे, "साहेब, यंत्र सगळं आपलं आपण करतंय, मग तुम्ही काय बघताय?" मी म्हणायचो, "मामा, तुम्ही कुलूप लावल्यावर ओढून बघता ना? तसंच."

संगणकातला संपादक कसा बदलायचा ते मी सांगितलं. वर्तमानपत्रातल्या संपादकांविषयी मला काही सांगता यायचं नाही. हे भाषण छापायचं की नाही, तेच ठरवणार आहेत.